अंत्या रडला तो उपासकाळ

राब पेटले की माझ्या नाकाला उपासकाळ लागतो.

ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस इतर कॅथलिकांना कॅलेंडरवरून कळत असतील, राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळावर राख लावली की कळत असतील. मला ते मुठ्याच्या या खोऱ्यात मागच्या दाराने कळतात. फाल्गुनातल्या सकाळी भांडी घासायला बाहेर यावं आणि समोरच्या उतारावरून धूर सरपटत अंगणात यावा, शेणाचा, ऐनाच्या पाल्याचा, वाळल्या गवताचा. भाताचं रोप जिथे टाकायचं तेवढा तुकडा आमच्याकडे पावसाच्या आधी भाजून काढतात. शेण, फांद्या, पाला, गवत असे थर अंथरायचे, वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन काडी लावायची. तोच राब. हल्ली राब कमी झाले. जिथे भाजायचे तिथे वीकेंडचे बंगले आलेत, आणि बंगल्यातल्या माणसांना धुराचा त्रास होतो. ती बिचारी पुण्याचा धूर चुकवायला इतक्या लांब येतात, त्यांचंही काही चुकत नाही. पण शेजारच्या हौसाच्या सुनांनी एक तुकडा अजून राखलाय, आणि तेवढा धूर मला पुरतो.

धूर आला की त्याच्याबरोबर ती येते. चोवीस-पंचविशीची, काठीसारखी, केस घट्ट बांधलेली आणि मान किंचित डावीकडे कललेली. ती म्हणजे मीच. मान कललेली का, तर आमच्या बोर्डिंगच्या भिंतीवर संतांचे जेवढे फोटो होते त्या सगळ्यांची मान कललेली होती. मी आरशासमोर उभी राहून सराव केला होता. उजवीकडे कलली तर नवऱ्यावर संशय घेतल्यासारखी दिसायची, म्हणून डावी बाजू पक्की केली.

मला संत व्हायचं होतं. आता हसू येतं, पण तेव्हा अगदी ठरवून व्हायचं होतं, एखादी पोर नर्स व्हायचं ठरवते तसं. नगरकडच्या मिशनच्या गावात वाढले. बोर्डिंगच्या सिस्टर रोज रात्रीच्या प्रार्थनेनंतर एकेका संताची गोष्ट सांगायच्या. कुणी काट्यांवर लोळलेलं, कुणी वर्षानुवर्षं फक्त पाण्यावर राहिलेलं. त्यांनी प्रेमाच्याही गोष्टी सांगितल्या असणार, पण माझ्या डोक्यात काटे तेवढे राहिले. माझं नाव मार्था. बायबलातली मार्था म्हणजे प्रभू घरी आला तर चुलीपाशी खपणारी, आणि तिची बहीण त्याच्या पायाशी बसून ऐकणारी. मला नाव चुकीचं मिळालंय यावर माझा ठाम विश्वास होता.

लग्न झालं सायमन मास्तरांशी, आणि त्यांची बदली झाली इथे, मुठ्याला. अख्ख्या गावात आमचं एकच घर ख्रिस्ती. महिन्यातून एकदा पुण्याहून एक म्हातारे फादर फटफटीवरून यायचे आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, करायचे. एरवी एसटी साधली तर आम्ही पुण्याला जायचो. गाव चांगलं होतं, पण संत व्हायला फार गैरसोयीचं. बघा ना, पहिल्या उपासकाळात मी ठरवलं, जमिनीवर झोपायचं. तर कळलं की सारं गाव जमिनीवरच झोपतं. साखर सोडली, तर इथे गुळाचा चहा. चप्पल सोडली, तर शेजारची हौसा बारा महिने अनवाणी, डोक्यावर पाल्याचा भारा आणि पोटात सातवा महिना, आणि चालताना मला विचारतेय, मास्तरीणबाई, पायाला काय लागलं का तुमच्या?

मी जे जे सोडायला जायचे ते या बायकांकडे मुळातच नसायचं. राहता राहिली भूक.

पुढच्या वर्षीच्या उपासकाळात माझा पहिला मुलगा, अंतोन, चार महिन्यांचा होता. गावाने त्याचा बारशाआधीच अंत्या केला होता. राखेच्या बुधवारी त्याला घेऊन मी पुण्याला गेले, राख लावून घेतली, आणि एसटीच्या खिडकीतल्या वाऱ्याने ती उडू नये म्हणून हात कपाळाला लावून बसले. पिरंगुटपर्यंत तीन जणांनी विचारलं, डोकं दुखतंय का. मी म्हणाले, नाही, आणि मान कलती केली.

दुसऱ्या दिवसापासून माझा बेत सुरू झाला. सूर्य मावळेपर्यंत काही खायचं नाही, आणि मावळल्यावर अर्धी भाकरी, बिनमिठाची. दुपार टळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. मास्तर परीक्षेच्या कामासाठी पौडला राहायला होते, रविवारचे यायचे, त्यामुळे विचारणारं कुणी नाही. बाहेर फाल्गुनाचं ऊन तापलेलं, अंगावर पिणारं पोर, आणि घरात ही संतीणबाई पाण्याच्या माठाकडे पाठ करून माळ जपतेय. चर्चने पाजणाऱ्या बाईला उपास कधी सांगितलेलाच नाही. बाळंतिणीला, आजाऱ्याला, म्हाताऱ्याला त्यातून मोकळीक असते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ती मोकळीक साध्या माणसांसाठी असते, असं मला वाटायचं.

आणि मग मला खूण मिळाली. अंत्या रडायचा थांबला.

हा अंत्या म्हणजे जन्मल्यापासून असा रडायचा की पलीकडच्या आळीतली कुत्री त्याला उत्तर द्यायची. माझी आई बाळंतपणाला आली होती ती जाताना म्हणाली होती, तुझ्या पोराला चर्चची घंटा म्हणून टांग. आणि तो अंत्या आता शांत. तासन् तास छताकडे बघत पडायचा. अंगावर घेतलं की दोन घोट ओढायचा आणि झोपायचा. ही माझ्या उपासाची कृपा, देवाने माझं घर शांत केलं, असं मला वाटलं. मी गुडघे टेकले आणि आभार मानले. माझं बाळ माझ्या समोर विझत चाललं होतं आणि मी त्याबद्दल देवाचे आभार मानत होते. या जागी आले की माझी थट्टा दोन क्षण थांबते. फार नाही, दोनच क्षण. कारण पुढचं मला माहीत आहे.

पुढचं म्हणजे हौसा काडेपेटी मागायला आली.

राब पेटवायचा होता आणि तिची काडेपेटी सादळली होती. सकाळपासून रानात पाला ओढत होती, चेहरा राखेने आणि घामाने माखलेला. तिची अलका नऊ-दहा महिन्यांची, ती आंब्याखाली झोळीत झोपवलेली. काडेपेटी शोधायला मी आत गेले, आणि हौसाने सहज अंत्याला उचललं. बायका उचलतातच दुसऱ्याचं पोर, हात रिकामा दिसला की. मी बाहेर आले तर ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“येवडा गप का ह्यो?”

“शांत झालाय,” मी म्हणाले. “देवाची कृपा.”

अंत्याने तोंड वळवलं. तिच्या चोळीला दुधाचा वास होता, आणि तो वास हुंगत त्याचं तोंड आंधळ्या पिलासारखं इकडून तिकडे फिरायला लागलं. हौसाच्या चोळीवर दोन ओले गोल उमटले. तिने मला विचारलं नाही. माझ्याच ओट्यावर फतकल मारून बसली, पदर घेतला आणि त्याला लावलं. तो पिताना ठसकला, थांबला, पुन्हा प्यायला. त्याच्या घशाचा आवाज मला दारात ऐकू येत होता. आणि मला काय वाटलं सांगू? मला राग आला. माझ्या घरात, माझ्या पोराला, न विचारता.

“तुला दूद न्हाई?” तिने खालूनच विचारलं. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी ‘तू’ झाले ती आजतागायत.

मी सांगितलं, माझे उपास चालू आहेत.

“कशापायी?”

आता काय सांगायचं? मास्तरांना सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगितलं. पवित्र व्हायला.

हौसाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, टोमणा नव्हता त्यात.

“मग झालीस का?”

आजवर खूप प्रवचनं ऐकली, प्रार्थनेच्या रिट्रीट केल्या, पुण्यात बिशपांसमोर बसले. हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही.

त्यानंतर ती जे बोलली ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. सारांश एवढाच की तुझ्या देवाला उपाशी लेकरू बघून बरं वाटत असेल तर त्याला माझ्याकडे धाड, मी बघते त्याच्याकडे. मग चुलीपाशी जाऊन तिने माझी भाकरी शोधली, तिच्यावर सुकटीची चटणी घातली आणि माझ्यासमोर ठेवून, मी खाईपर्यंत उभी राहिली. संध्याकाळी तिच्या नवऱ्याने पौडला जाऊन मास्तरांना आणलं, मास्तरांनी डॉक्टरला. डॉक्टरने अंत्याच्या टाळूवर बोट ठेवलं. टाळू खोल गेली होती. तो मला रागावला नाही. मास्तरांना बाजूला घेऊन काहीतरी बोलला, आणि मास्तर आत आले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या क्रुसाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. म्हशीचं दूध त्याला सोसेना, पुण्याहून दुधाच्या पावडरचा डबा आणला तर तेही दूध उलटून पडायचं. माझं दूध परत यायला दिवस लागणार होते. तोवर तो राहील की नाही, हे कुणी सांगत नव्हतं.

तोवर हौसा.

ती रानातून यायची. पहाटे कामाला जाताना, न्याहारीला, दुपारी, दिवे लागताना. हात धुवायची, चेहरा धुवायला सवड नसायची. माझ्या कपाळावरची राख एसटीत उडेल म्हणून मी जपली होती. हिच्या कपाळावर शिमग्याच्या आधीपासून मृगापर्यंत राख असायची आणि ती पदराने पुसायची. अंत्या प्यायचा, झोपायचा, पुन्हा छताकडे बघायचा. रडायचा नाही. रोज ती जाताना विचारायची, रडला का? मी नाही म्हणून मान हलवायचे. कललेली नव्हे, साधी.

एक दिवस मी तिच्यामागोमाग रानात गेले, कशाला ते आठवत नाही. आंब्याखाली अलका झोळीतून बाहेर येऊन रडत होती. हौसाने तिला कडेवर घेतलं, पोर छातीशी तोंड घासायला लागली, आणि हौसाने तिला अलगद बाजूला करून वाटीतली नाचणीची पेज तिच्या तोंडाला लावली. अलकाने ती थुंकली. हौसाने पुन्हा लावली. मी म्हणाले, हौसा, अगं तिला दे ना आधी. तिने माझ्याकडे न बघता पोरीचं तोंड पुसलं.

“तिला पेज हाय. त्याला कोन हाय?”

तिला पेज आहे, त्याला कोण आहे. या वाक्यावर मी उरलेलं आयुष्य बसून आहे म्हणा ना. मी देत होते ते मला हवं तेव्हा, हवं तेवढं आणि देवाला दिसेल असं. ती देत होती ते समोरच्याला भूक लागेल तेव्हा. आणि तिचं देणं तिच्या एकटीचंही नव्हतं, त्यातला अर्धा वाटा त्या थुंकणाऱ्या पोरीचा होता. त्यागाच्या गोष्टीत हे कुणी सांगत नाही, की त्याची थोडी झळ शेजारी बसलेल्याला लागतेच.

म्हणून मग मी अलकाला माझ्याकडे आणायला लागले. हौसा अंत्याला पाजायची, मी अलकाला पेज भरवायचे. नाचणी दळायची, गाळायची, गूळ घालायचा, थुंकलेलं पुसायचं. अलकाचं पोट त्या पेजेने बिघडलं, त्यामुळे तिचे लंगोट हा माझा मुख्य उद्योग झाला. ओढ्याला पाणी कमी, लंगोट ढीगभर. एकाही संताच्या फोटोत कुणाला लंगोट पिळताना दाखवलेलं मी बघितलेलं नाही. दाखवलं असतं तर माझा बराच वेळ वाचला असता.

आणि शिमगा आला. देवळापुढे होळी रचलेली, दिवेलागणीला सारं गाव जमलेलं. हौसाने अंत्याला पाजून खांद्यावर टाकलं होतं, अलका माझ्या कडेवर, मास्तर आमच्या मागे. होळी पेटली आणि रिवाजाप्रमाणे गावाने बोंब ठोकली. पोरं, म्हातारे, सरपंच, सगळे तोंडावर हात मारून बोंबलत होते. हौसा एकदम वळली आणि तिने हात वर केला.

“गप ऱ्हावा,” ती ओरडली. “आरं गप ऱ्हावा वाईच.”

शिमग्याची बोंब कुणी थांबवत नाही. पण हौसाचा आवाज असा होता की पुढचे थांबले, मग मागचे. लाकडं तडतडत होती तेवढीच. आणि तिच्या खांद्यावर अंत्या रडत होता. लालबुंद होऊन, मुठी आवळून, पाय झाडून, धूर नाकात गेला म्हणून किंवा गावाने झोप मोडली म्हणून, त्या साऱ्या गावावर संतापून रडत होता. पलीकडच्या आळीतून कुत्र्यांनी उत्तर दिलं.

मास्तर तिथेच खाली बसले, धुळीत, धोतरासकट. हौसाचा नवरा म्हणाला, मास्तर, तुमच्या पोराची बोंब आमच्यापेक्षा मोटी हाय. आणि गाव हसलं, आणि पुन्हा बोंब सुरू झाली, आणि मी त्या गोंगाटात अलकाला छातीशी धरून उभी होते. या वेळी गुडघे टेकावेसे वाटले नाहीत. त्या दिवसापासून कुठलंही पोर भोकाड पसरून रडलं की माझ्या खांद्यावरचं ओझं उतरतं. एसटीत लोक कपाळाला आठ्या घालतात, मी खिडकीशी बसून आत्मा थंड करून घेते.

नंतर फादर आले. त्यांच्याकडे मी पापनिवेदन केलं, सगळं सांगितलं, माठाकडे पाठ करण्यासकट. ते म्हणाले, प्रायश्चित्त म्हणून ईस्टरपर्यंत रोज दुपारी पोटभर जेवायचं, आणि जेवताना चेहरा दुःखी करायचा नाही. मला ते उपासापेक्षा जड गेलं, खरं सांगते. मिस्सेआधी त्यांनी हौसाला भेटायचं म्हटलं. मी त्यांना रानात घेऊन गेले. हौसाने त्यांचा पांढरा झगा बघितला, कमरेवरचा हात काढला नाही आणि म्हणाली, बाबा, आलासाच तर तेवडा पाला हिकडं सारा, वारं फिरलंया. फादरांनी झगा खोचला आणि पाला सारला. परत आल्यावर त्यांनी टेबलावर मिस्सा केली, आणि भाकर उचलून ‘हे माझं शरीर, तुमच्यासाठी’ हे म्हणायची वेळ आली तेव्हा त्यांच्या बोटांना काळं लागलेलं मला दिसलं. ते शब्द मी लहानपणापासून ऐकत होते. त्या दिवशी मला त्या शब्दांना दुधाचा वास आला. जाताना फटफटीला किक मारता मारता म्हणाले, पवित्र व्हायचं बोलावणं सगळ्यांना असतं, मार्था, काहींना ते काडेपेटी मागायला म्हणून येतं. फादर होते ते, असं बोलायची त्यांना सवयच होती.

ईस्टरच्या सकाळी अंत्या माझ्या अंगावर प्यायला, पोटभर. केस विंचरायला आरशासमोर उभी राहिले तेव्हा जाणवलं, कित्येक दिवसांत मी आरसाच बघितला नव्हता. मान कुठे कलली होती कोण जाणे. बहुधा अलकाच्या बाजूला.

अलका आता माण गावात असते. तिच्या सासरच्यांनी जमिनीवर खोल्या बांधल्या आणि आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्या, त्या पोरांना ती सकाळी दम देऊन नाश्ता खायला लावते. दर भाऊबीजेला अंत्याला ओवाळताना त्याच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणते, ह्ये माज्या वाटचं हाय, म्हणून माजी उंची खुटली. अंत्या बावधनला राहतो, त्याच्या डोक्यावरचे केस गेलेत, टाळू सगळ्यांना दिसते. मी अजून त्याच्या टाळूवर हात ठेवते, तो म्हणतो, आई, लोक बघतायत. बघू देत. ती वर आहे ना, भरलेली, मग मला कुणाचं काही नाही.

आता वयामुळेही चर्चने मला उपासातून मोकळं केलंय. पहिली मोकळीक मी नाकारली होती. ही मात्र दोन्ही हातांनी घेतली, वर लोणचं वाढून.

काल दुपारी मागच्या ओट्यावर मी आणि हौसा बसलो होतो. तिला आता नीट दिसत नाही, पण राबाचा धूर कुठल्या तुकड्यावरून येतोय ते बरोबर सांगते. आमच्यामध्ये एक भाकरी आणि सुकटीची चटणी. अंत्याच्या मुलीचा, जेनीचा, बावधनहून फोन आला. तिला दोन महिन्यांपूर्वी मुलगी झालीय. आजी, म्हणाली, मी या उपासकाळात काय सोडू? मी म्हणाले, तू काही सोडशील तर मी हौसाआजीला तिकडे पाठवीन. जेनी हसली, आणि मग तिचा आवाज रडवेला झाला. म्हणाली, आजी, ही झोपतच नाही गं, सारखी रडते, शेजारचे बेल वाजवतात, मी थकलेय. फोनमधून ते रडणं ऐकू येत होतं, तापलेल्या कढईत काहीतरी पडल्यासारखं.

हौसाने भाकरीवरचा हात थांबवला. फोनकडे कान केला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

“रडतीया न्हवं?” ती म्हणाली. “मग बरं हाय.”

आणि मोठा तुकडा मोडून माझ्याकडे सरकवला.